माळ गळ्यात, ओटी आसरांची

संपादक महोदय,
रामकृष्णहरी.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका माळकरी बंधूंचं पत्र आलं होतं. विहिरीवरच्या सात गोट्यांपुढं वाकणाऱ्यानं आधी गळ्यातली तुळशीची माळ काढून ठेवावी, असं त्यांचं म्हणणं. दोन दिवसांनी दुसऱ्या एका गृहस्थांनी त्यांना उत्तर दिलं, की विहिरीवरचा दगड काय आणि विटेवरचा काय, दगड तो दगडच, दोन्ही सोडा. दोघंही माझ्याविषयीच बोलत होते, पण दोघांची माझी ओळख नाही. मी माळकरी आहे, दरसाल आसरांची ओटी भरते, आणि ३३ वर्षं सरकारी नर्स होते. म्हणजे दोन्हीकडून मार खाणारी. तेव्हा पत्र लांबलं तर कात्री जरा हळू चालवावी.

माझं माहेर निलंगा तालुक्यातलं, सासर औसा तालुक्यातलं. १९८१ साली उपकेंद्रावर रुजू झाले तेव्हा लातूर जिल्हा व्हायचा होता, आमचे कागद उस्मानाबादला जायचे. जिल्हा झाला पुढच्या साली, ऑगस्टमध्ये. २०१४ला निवृत्त झाले. एवढ्या वर्षांत गावात कुणी मला नावानं हाक मारली नाही. सिस्टरबाई म्हणाले, म्हाताऱ्या नर्सबाय म्हणाल्या, आणि मी ज्यांच्या नाळा कापल्या ती पोरं आता मिशांना पीळ देत 'माय, बरी हाईस का' म्हणतात.

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बाया. विहीर, बारव, नदीचा डोह, जिथं पाणी खोल तिथं त्या. सात गोटे ओळीनं मांडून शेंदूर लावलेला असतो, जवळच कुठंतरी त्यांचा भाऊ म्हसोबा. ओटीला हिरवा खण, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू, आणि नैवेद्य दहीभाताचा. अप्सरा हा शब्द बोलून बोलून झिजला आणि त्याचा आसरा झाला, असं जाणकार सांगतात; अप् म्हणजे पाणीच. ग्रंथात त्यांची नावं मत्सी, कूर्मी, कर्कटी, दर्दुरी, मकरी अशी येतात, म्हणजे मासळी, कासवीण, खेकडी, बेडकी, मगर. सातांतली ही पाच तर सरळ पाण्यातल्या जिवांची. आमच्या म्हाताऱ्यांना यातलं एकही नाव माहीत नव्हतं. त्या नुसतं 'बाया' म्हणायच्या, तेही आवाज खाली घेऊन.

माझी पुण्याची नात आठ वर्षांची आहे. तिच्या पुस्तकातल्या परीला पंख असतात आणि हातात चांदणी लावलेली काठी असते. मागच्या येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, तिला शेतात नेलं. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा झाली, आंबील पिऊन झाली, भज्जी हाणून झाली, मग तिला विहिरीवर नेऊन सात जणी दाखवल्या. तिनं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "आजी, या ओल्या पऱ्या आहेत का?" मी म्हटलं, तसंच समज. तर लगेच दुसरा प्रश्न, "विठोबाला माहितीय का?"

माळकरी बंधूंचा प्रश्न हाच आहे. नातीनं तो रागावून विचारला नव्हता, एवढाच फरक.

आता मला आसरा पहिल्यांदा आडव्या कशा आल्या ते सांगते. १९८४चा भादवा. रस्ता नसलेलं गाव, पहिलटकरीण, बाळंत होऊन सहावा दिवस, अंगात फणफणून ताप आणि वास असा की दारातच कळावं. आत जंतुदोष झालाय हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता. सासू म्हणाली, "बायांनी धरलंय, सिस्टरबाई. न्हाऊन केस मोकळे सोडून इहिरीकडं गेलती, भर दुपारी." ओसरीवर देवऋषी येऊन बसलेला होता. मी तेव्हा २८ वर्षांची, ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं सगळं तोंडपाठ. मी त्या ओसरीवर उभी राहून भाषण दिलं. आसरा-बिसरा काही नसतं, तुम्ही अडाणी आहात, पोरगी मराया घातली तुम्ही. शब्द न् शब्द खरा होता. सासूनं ऐकून घेतलं, आत गेली आणि दार लावून घेतलं. मी दुसऱ्या दिवशी मेडिकल ऑफिसरांना घेऊन गेले, तर वेशीतच माणसं भेटली, मसणवट्यातून परत येणारी.

दार माझ्या तोंडावर लागलं होतं, पण आत राहिली ती पोरगी. हे मी ४० वर्षं कुणाला लिहिलं नव्हतं.

पुढच्या साली तसाच प्रसंग, दुसरं गाव. या वेळी मी ओसरीवर बसले, चहा घेतला, आणि म्हणाले, "मावशी, ओटी भरायची ना? भरू. मी येते सोबत. पण बैलगाडी जुंपून वेशीत उभी करा, ओटी झाली की तशीच तालुक्याला नेऊ. बायांना सांगू, तुमची लेक आहे, वाटंला लावा." बायांनी वाटंला लावली असं म्हातारी शेवटपर्यंत म्हणायची. मी म्हणते, इंजेक्शनांनी लावली. बाई आज नातवंडांची आहे, आणि आमचा दोघींचा त्यावर कधी वाद झाला नाही.

आता त्या दुसऱ्या गृहस्थांसाठी, म्हणजे सगळेच दगड सोडा म्हणणाऱ्यांसाठी एक कबुली. एकदा अशाच ओटीपायी माझा दीड तास गेला. बाई वाचली, पण तो दीड तास मला अजून आठवतो. तेव्हापासून मी क्रम बदलला. आधी गाडी, ओटी मागाहून घरच्या कुणीतरी भरावी, बाया समजून घेतात. २०१३ला जादूटोणाविरोधी कायदा आला. साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारापासून अडवून त्याच्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा त्यात गुन्हा धरलाय, आणि तो कायदा मला तीस वर्षं आधी हवा होता. देवऋषी ओसरीवर बसतो ते आसरांसाठी नव्हे, कोंबड्यासाठी आणि नोटेसाठी. त्याच्या आणि माझ्यामध्ये भांडण होतं. आसरांच्या आणि माझ्यामध्ये कधीच नव्हतं.

आणखी एक. तेव्हा जन्मलेलं लेकरू सातव्या-आठव्या दिवशी अचानक दूध ओढायचं थांबायचं. जबडा मिटायचा, अंगाची कमान व्हायची, कुणी बोट लावलं तरी ताठ व्हायचं. गावात म्हणायचे, बायांची नजर पडली. नाहीतर सटवाईनं नेलं. नाळ विळ्यानं कापलेली असायची आणि वर राख नाहीतर शेण थापलेलं. तो धनुर्वात होता. गरोदरपणात धनुर्वाताची सुई, नवं ब्लेड, उकळलेला दोरा, बेंबीवर काही लावायचं नाही, एवढ्यानं तो थांबला. मी सुरुवातीला असली लेकरं मांडीवर जाताना पाहिली, आणि नोकरीच्या शेवटच्या कित्येक वर्षांत एकही पाहिलं नाही. २०१५ला भारतातून बाळ-बाळंतिणीच्या धनुर्वाताचं निर्मूलन झाल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं. मी निवृत्त होऊन घरी बसले होते. पेपरात वाचलं, उठले, विहिरीवर गेले आणि म्हणाले, "बायांनो, सुटलात. उगाच तुमच्या माथी मारलेली लेकरं होती ती."

लस टोचली की आसरा पळून जातात असं त्या गृहस्थांना वाटत असेल. माझ्या अनुभवात लशीनं त्यांच्यावरचा आळ गेला आणि त्या होत्या तिथंच राहिल्या, आधीपेक्षा जरा हसऱ्या.

आता माळेचं. किल्लारीचा भूकंप झाला तो ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. आदल्या दिवशी गणपती बुडवून माणसं दमून झोपलेली. आमची ड्यूटी तिकडं लागली. तिथलं मी इथं लिहिणार नाही. तिकडून आल्यावर मला आतून काहीतरी धरायला लागत होतं, आणि १९९५ला पंढरपुरात माळ घातली. माळ घातल्यावर सगळ्यात आधी आमच्या दिंडीच्या विणेकरी बुवांना विचारलं, "बुवा, विहिरीवरच्या बायांची ओटी सोडू का?" बुवा शेतकरी माणूस. स्वतःच्या विहिरीवरही सात जणी. थोडा वेळ तंबाखू नसलेला चुना तळहातावर चोळत बसल्यासारखे बसले (जुनी सवय, माळेबरोबर तंबाखू सुटली, हात सुटला नाही) आणि म्हणाले, "वटी भर बाई. नवस बोलू नको. नवस बोललीस की येव्हार सुरू झाला. मग पांडुरंगाला काय सांगशील?"

मला एवढं पुरलं. त्यानंतर मी आसरांकडं काही मागितलेलं नाही. पाऊस नाही, पोराला नोकरी नाही, सुनेला दिवस नाही. वर्षातून एकदा जायचं, ओटी भरायची, बऱ्या आहात का विचारायचं, यायचं. मागायचं असेल ते पंढरपूरला, आणि तिथंही गेल्यावर मागायचं विसरायलाच होतं.

म्हसोबाला मात्र आमच्या घरचं बकरं असायचं. ते मी बंद केलं, नारळावर आणलं. सासरे सहा महिने बोलले नाहीत. म्हसोबा काही बोलला नाही.

माळकरी बंधूंनी आपल्या पत्रात तुकोबांचा अभंग दिला होता, "नव्हे जाखाई जोखाई, मायराणी मेसाबाई". तो आम्ही भजनात म्हणतो, आणि मीही सगळ्यांपेक्षा मोठ्यानं म्हणते. पण तो शेवटपर्यंत म्हणावा. तुकोबांना चीड कशाची आहे? मद्यमांसाची, आणि रोटीसुटीसाठी देव करण्याची. इतकं दे, मग तितकं वाहीन, या सौद्याची. त्यांचंच दुसरं वचन आहे, "नवसें कन्यापुत्र होती, तरि कां करणें लागे पती". हे मी कुटुंब नियोजनाच्या शिबिरांत किती वेळा म्हटलं असेल, मोजदाद नाही. पोस्टरं वाचून न हसणाऱ्या बाया यावर पदर तोंडाला लावून हसायच्या, आणि मग बोलायला लागायच्या.

माउलींनी तर आणखी अडचणीत आणलंय. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अज्ञान माणसाची लक्षणं आहेत. त्यातला एक गडी एकादशीला देवाचा, पंचमीला नागांचा, चौथीला गणेशाचा, चावदसीला 'माये, तुझाच गं' म्हणत दुर्गेचा, आदितवारी भैरवाचं ताट वाढतो, सोमवारी बेल घेऊन लिंगाकडं धावतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, माउलींनी माझ्या भिंतीवरचं कॅलेंडरच उतरून घेतलं की काय. शेवटी अशा माणसाला जी उपमा दिलीय ती इथं लिहीत नाही, पेपर घरात लेकरंही वाचतात. पण ती उपमा ज्याला कळली त्याला हेही कळेल, की माउली नाग नाही म्हणत नाहीत, भैरव नाही म्हणत नाहीत. रोज नव्याला 'तुझीच' म्हणायचं, हे त्यांना खपत नाही. मी आसरांना कधी 'तुमचीच' म्हटलेलं नाही.

आणि हेच माउली दहाव्या अध्यायात म्हणतात, "जें जें भेटे भूत, तें तें मानिजे भगवंत". इथं भूत म्हणजे प्राणिमात्र, पिंपळावरचं नव्हे, हे मला ठाऊक आहे. पंडितांनी पत्रं पाठवू नयेत. पण खेड्यातल्या बाईच्या कानावर दोन्ही एकच पडतात, आणि त्यामुळं तिचं काही बिघडलंय असं मला तरी दिसलं नाही.

मला सगळ्यात जवळचे वाटतात ते पैठणचे नाथ. त्यांचं भारूड आमच्या शिबिरात एका भारूडवाल्यानं केलं होतं, "भूत जबर मोठं गं बाई". त्यात सूप येतं, चाटू येतो, देवऋषी येतो, लिंबू-नारळ-कोंबड्याचा उतारा येतो, सगळी सामग्री. भूत काही उतरत नाही. नारदाला लागलं, ध्रुवबाळाला लागलं, आणि शेवटी कळतं की हे भूत सगळ्या ठिकाणी सदोदित आहे, ते कुठून उतरणार. बायांना आधी वाटतं आपली टिंगल चाललीय, मग वाटतं आपलीच गोष्ट चाललीय, आणि शेवटाला हात जोडले जातात. मी १९८४ साली ओसरीवर भाषण दिलं, त्याऐवजी हे भारूड म्हणायला हवं होतं. माझा आवाज चांगला होता तेव्हा.

लग्नात मामाला टोपी-टॉवेल करतात. आत्याला साडी, कोतवालाला नारळ, ज्याचा त्याचा मान ठरलेला. तो दिला नाही तर मांडवात रुसवेफुगवे होतात. पण मामाला टोपी-टॉवेल केला म्हणून मामा नवरदेव होत नाही, आणि नवरदेवही मामाच्या टोपीकडं बघून घोड्यावरून उतरत नाही. माझा विठोबा एवढ्या-तेवढ्यावरून उतरणारा नाही. बंधूंचा असेल तर मला त्यांची काळजी वाटते.

आमच्या आरोग्य केंद्राच्या जीपवर एक मुसलमान चाचा ड्रायव्हर होते. पाच वेळचे नमाजी. एकदा रात्री ओढ्यात जीप बंद पडली, दोघंच होतो. मी भीत भीत विचारलं, चाचा, तुमच्यात हे जिन-परी असतं का? म्हणाले, "जिन हैं बाई, बराबर हैं. कुरान में उनके नाम की सूरा हैच. पन सजदा उनकू नै." मग बॉनेट उघडलं. आमचे बुवा आणि हे चाचा एकमेकांना कधी भेटले नाहीत.

माझी अंगणवाडीतली मैत्रीण बौद्ध. तिच्या घरी २२ प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या, आणि ती त्या पाळणारी. ती माझ्यासोबत विहिरीवर यायची, लांब उभी राहायची, हात जोडायची नाही. मीही कधी म्हटलं नाही. एकदा आम्ही बायाबायांनी गाडी करून अजिंठा पाहिला. दोन नंबरच्या लेण्यात आतल्या बाजूला एक बाई बसलीय, मांडीवर लेकरू, शेजारी तिचा यक्ष नवरा. हारिती तिचं नाव. गाइडनं गोष्ट सांगितली. ही दुसऱ्यांची लेकरं खायची. बुद्धांनी तिचंच एक लेकरू भिक्षापात्राखाली लपवून ठेवलं. ती सैरावैरा झाली, तेव्हा विचारलं, तुझं इतक्यांतलं एक गेलं तर असं होतं, ज्यांचं एकच होतं त्यांचं काय? ती कळवळली, आणि त्या दिवसापासून लेकरांची राखण करायला लागली. भिक्खूंनी आपल्या जेवणातून तिला वाटा द्यायचा, असं ठरलं. मूर्तीच्या खालच्या पट्ट्यात शाळा कोरलीय. मास्तर छडी घेऊन बसलेत, पुढची पोरं शिकतात, मागची खेळतात. मैत्रीण म्हणाली, "ही तर माझी अंगणवाडी गं." मी मात्र वरच्या बाईकडंच बघत होते. सटवाई. आमची सटवाईच ती, पाचव्या शतकातली. तिला हाकलून दिलं नव्हतं, 'नाहीस तू' असंही सांगितलं नव्हतं. तिला काम दिलं आणि ताट वाढलं. सोळा नंबरला वर चढताना नागराजा बसवलाय, तोही तसाच, दारातल्या राखणदारासारखा. मैत्रीण म्हणाली, आम्ही हिला पूजत नाही, पण गोष्ट लई चांगली आहे, पोरांना सांगीन. परतीच्या गाडीत आम्ही भुईमुगाच्या शेंगा खात आलो.

हल्ली शिकलेले लोक एक तिसरंच सांगतात. आसरा म्हणजे पर्यावरणाचा संदेश, पूर्वजांनी पाणी स्वच्छ राहावं म्हणून रचलेली युक्ती. मला हे ऐकून बरं वाटायला हवं, पण वाटत नाही. माझ्या आईनं ओटी भरली ती पर्यावरणासाठी नव्हती. तिला खाली कुणीतरी आहे असं वाटत होतं. विहिरीत थुंकू नये, चप्पल घालून उतरू नये, साबण लावू नये, हे तिनं पाळलं ते शेजारणीच्या अंगणात आपण जसं वागतो तसं. शेजारीण नाहीच असं ठरवलं की अंगण किती दिवस स्वच्छ राहील? आमच्या भागात बोअर आले, विहिरीकडं कुणी फिरकेना, आणि बघता बघता विहिरीत गुटख्याच्या पुड्या, फुटक्या टोपल्या, औषधाच्या बाटल्या.

सगळंच चांगलं होतं असंही नाही. पाळीच्या दिवसांत बायांनी विहिरीकडं जायचं नाही, आसरांना विटाळ होतो म्हणे. बायांना बायांचा कसला विटाळ? हा नियम बायांनी केलेला नाही, काठावर उभ्या असलेल्यांनी केला. मी तो नोकरीच्या पहिल्या वर्षी मोडला आणि बायांनी मला काही केलं नाही.

२०१६ची गोष्ट सांगायची राहिली. त्या उन्हाळ्यात धनेगावचं मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. पहिली गाडी १२ एप्रिलला आली, दहा टाक्या, पाच लाख लिटर. आमची विहीर तळाला गेली होती. मी सासऱ्यांच्या काळापासून विहिरीचा तळ पाहिलेला नव्हता. पोराला धरून उतरले. खालच्या अंगाला एक कोनाडा निघाला, त्यात आणखी सात गोटे, वरच्यांहून जुने, पाण्यानं गुळगुळीत झालेले, शेंदराचा मागमूस नाही. गाळात हिरव्या काचेचा थर, किती पिढ्यांच्या बांगड्या कुणास ठाऊक, आणि एक निजामाच्या राज्यातलं नाणं, चारमिनारवालं. कुण्या बाईनं ते दिलं असेल? तिच्याकडं दुसरं नाणं होतं का? सासूबाई तेव्हा ८५च्या, काठावर खुर्ची टाकून बसलेल्या. वरून विचारलं, "हाईत का खाली?" मी म्हटलं, गोटे आहेत, पाणी नाही. त्या म्हणाल्या, "बाया माहेरी गेल्यात." पोरगं हसलं, म्हणालं, आज्जी, मिरजेच्या गाडीनं येतील परत. सासूबाई अजिबात हसल्या नाहीत. "यू दे," म्हणाल्या.

आता ती विहीर नाही. दिरांच्या मुलांनी त्यांचा वाटा विकला, प्लॉटिंग पडलं, आणि विहीर त्या वाट्यात. माझा विरोध चालला नाही, चालायचाही नव्हता, सात-बारा त्यांचा. माझ्या आत्याच्या गावाचं भूकंपानंतर पुनर्वसन झालं तेव्हा मारुती नव्या गावात आला, विठ्ठल-रखुमाई आले, आसरा मात्र जुन्या विहिरीवर राहिल्या, कारण पाणी काही उचलून नेता येत नाही. लोक येळवशीला अजून तिकडं जातात. आमच्याकडं जायला विहीरच उरणार नव्हती. म्हणून मी विहिरीचं एक घागर पाणी काढलं आणि वरच्या सात जणी परातीत घेतल्या. खालच्या सात खालीच राहू दिल्या, त्या पाण्याच्या होत्या. जेसीबीवरचा पोरगा बिहारचा. मला परात घेऊन येताना बघितलं तसं मशीन बंद केलं, खाली उतरला, चप्पल काढली आणि म्हणाला, "माताजी, पहले आप कर लीजिए." ज्यांची विहीर होती ते सावलीत मोबाइल बघत होते.

औशातल्या घराच्या मागं हौद आहे. त्याच्या कडेला त्या बसवल्या, घागर हौदात ओतली. नातीनं दिवाळीत येऊन त्यातल्या एकीला खडूनं पंख काढले. तिला म्हटलं, उडून गेली तर? तर म्हणाली, नाही जाणार, ओले आहेत.

नळाला आमच्याकडं आठ दिवसांनी पाणी येतं, तेही रात्रीबेरात्री. परवा दीड वाजता आलं. मोटार लावायला उठले, तर बॅटरीच्या उजेडात सातही जणी कोरड्याठाक. प्रत्येकीवर तांब्याभर ओतलं. संध्याकाळी पाहुण्यांच्या गडबडीत हरिपाठ राहिला होता, तो म्हणत हौद भरेपर्यंत तिथंच पायरीवर बसले.

आपली एक वाचक,
निवृत्त आरोग्यसेविका,
औसा, जि. लातूर